घट्ट पाणी

गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या निकितानं स्टीलच्या पेल्यातल्या पाण्यावर पांढरी भुकटी भुरभुरली आणि चमचा माणिकप्पांच्या हातात दिला.

"ढवळा, काका. घरी तुम्हालाच करायचंय हे."

माणिकप्पा ढवळू लागले. आधी चमच्याला काहीच लागत नव्हतं. मग हाताला जडपणा जाणवला. खाली जाळ नाही, काही नाही, आणि गार पाणी डोळ्यांदेखत आंबिलीसारखं दाटत चाललं. त्यांनी चमचा उचलला, तशी मधासारखी संथ धार पेल्यात उतरली.

"कशाचं म्हणायचं हे, मॅडम?"

"गवारीच्या बियांचं. आतला गर दळतात. आइस्क्रीममध्ये, शाम्पूतसुद्धा घालतात."

"गवार? आपली भाजीची?"

"तीच."

माणिकप्पा पेल्यात बघतच राहिले. येरमाळ्याच्या त्यांच्या रानात बांधाकडेला दरसाल गवार असायची. कोवळ्या शेंगा बाजारात जायच्या, जून झाल्या की त्या म्हशीपुढं. त्या टणक दाण्यात वाहत्या पाण्याला थोपवून धरायची ताकद असेल, हे सारा जन्म शेतात जाऊनही त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"लईच नवल हाय," ते पुटपुटले.

पलंगावर त्यांची बायको गजराबाई उशांना टेकून बसली होती. लकव्यानं तिची उजवी बाजू गेली, तसं गिळणंही गेलं. पाण्याचा घोट भलत्याच नळीत उतरायचा आणि ठसक्यानं जीव घाबरा व्हायचा. धाराशिवच्या या दवाखान्यात आल्यापासून नाकातल्या नळीतून पोटात जाईल तेवढंच. ओठ भेगाळले होते.

"पाणी पळतं, म्हणून वाट चुकतं," निकिता म्हणाली. "हे हळू जाईल. गळ्याला सावरायला वेळ मिळेल. पण ठसका लागला तर लगेच थांबायचं. मग नळीच बरी."

माणिकप्पांनी अर्धा चमचा भरला. तिच्या ओठांशी नेला.

"गजरा, हनुवटी खाली घे. घाई करू नगं."

निकितानं तिच्या गळ्यावर दोन बोटं टेकवली. घोट तोंडात तसाच राहिला. मग गळ्यातली घाटी वर सरकली, क्षणभर अडली आणि खाली आली. ठसका आला नाही.

"आ म्हणा, मावशी."

"आऽ."

"स्वच्छ आहे आवाज," निकिता हसली. "उतरलं पाणी."

गजराबाईनं डोळे मिटून ओठांवरून जीभ फिरवली. येडेश्वरीची पालखी समोरून जाताना तिचा चेहरा असा व्हायचा. माणिकप्पांना चमचा पुन्हा भरायचं भानच राहिलं नाही. मग त्यांनी भरला. पुन्हा भरला.

थोड्या वेळानं तिनं ओठ मिटले आणि डाव्या हातानं पेला त्यांच्याकडं लोटला.

"बास व्हय?"

तिनं नाही अशी मान हलवली. जड जिभेनं एकेक शब्द जुळवला.

"तुमी… बी… प्या. हितंच."

माणिकप्पांना आधी उमजलं नाही. मग त्यांची नजर खाली गेली. इतके दिवस तहान लागली की ते तिच्या नकळत जिन्याखालच्या नळावर जायचे आणि ओल्या मिशा धोतरानं कोरड्या करूनच खोलीत यायचे. तिला डोळा लागलाय असंच त्यांना वाटायचं.

त्यांनी पिशवीतली बाटली काढली आणि तिच्यासमोर स्टुलावर बसले. गजराबाई टक लावून बघत होती.

बाटलीतलं पाणी पातळच होतं. तरी पहिला घोट खाली उतरायला त्यांना बराच वेळ लागला.