गिझरला बसवलेलं बूच

१. मेन स्विच बंद.

तो रामदासांनीच केला. भोईवाड्यातल्या त्यांच्या घरी गिझर दोन दिवस गळत होता आणि दोन दिवस बकुळाची अंघोळ झाली नव्हती. अर्धांगवायू झाल्यापासून, तीन वर्षं, बायकोला तेच अंघोळ घालत. मुलगी माया आज आईला ऐरोलीला न्यायला आली होती.

"गिझरसाठी नेतेस? होईल की आज."

"गिझरसाठी नाही, अण्णा. मागे गॅस चालू ठेवलात..."

"एकदाच."

२. पाणी बंद.

धनेश मेकॅनिक स्टुलावर चढला. "काका, तुम्ही मिलमधले ना?"

"बॉयलरवर. चोवीस वर्षं. पाळी सुरू झाली की पहिला सेफ्टी व्हॉल्व उचलून बघायचा."

"मग तुम्हाला मी काय शिकवणार!"

३. टाकी रिकामी.

(इथे बराच वेळ काही घडत नाही. बादली भरते. आत बकुळा खोकते.)

४. झाकण.

"टाकी फुगलीय," धनेश म्हणाला. "सेफ्टी व्हॉल्वच्या तोंडात बूच बसवलंय कोणीतरी. थेंब पडत असतील म्हणून. अहो, पडू द्यायचे ना! दाब जाणार कुठे? नशीब, नुसती सांध्यात चिरली. काकी खाली बसलेल्या असताना फुटली असती तर..."

"कोणी केलं हे?" मायानं विचारलं.

"कुठल्या तरी गाढवानं," रामदास म्हणाले.

५. बूच.

धनेशनं ते काढून रामदासांच्या हातात दिलं. आट्यांवर सुतळी, वरून सफेदा. हल्ली गळू नये म्हणून सगळे पांढरी टेप गुंडाळतात. सुतळी-सफेदा मिलमध्ये लावत. सुतळीचं टोक दुमडून आत खोचलेलं.

असं टोक ते स्वतः खोचत.

त्यांनी आठवून पाहिलं. स्टूल. पाना. कुठला दिवस.

काही नाही.

धनेशनं त्यांचा चेहरा पाहिला. "जुन्या प्लंबरचं काम असेल," तो घाईनं म्हणाला.

माया बूच बघत होती. ते तिच्या वडिलांच्या मुठीत मावत होतं.

६.

"माझं काम आहे," रामदास म्हणाले. "आणि मला आठवत नाही, माया."

धनेश पाने गोळा करू लागला.

"घेऊन जा तिला. पण आधी लिहून घे. पाणी पहिलं उजव्या पायावर घालायचं. डावीकडे तिला गरम-थंड कळत नाही. डोक्यावर एकदम ओतायचं नाही, घाबरते. पाठ चोळताना तिच्याशी बोलत राहायचं... लिहितेस ना?"