एक जोड सोडून

मिस्त्रीने फोनवर सरळ विचारलं होतं, "गाडीला काही जादा बसवलंयस का?" आणि मी म्हणालो, "नाही." सगळा सत्यानाश त्या एका शब्दाने केला. आता कुणाला काय सांगू, कपाळ!

माझी बस माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे. त्या सकाळी मुलगी माझ्या मागच्याच सीटवर होती, मांडीवर परीक्षेचं हॉलतिकीट आणि पाण्याची बाटली घेऊन. नर्सच्या भरतीची परीक्षा. दोनदा थोडक्यात हुकलेली, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटची. गेट नऊला बंद होणार होतं. आठला पाच कमी असताना आम्ही अठरा किलोमीटरवर होतो, म्हणजे अर्ध्या तासाचा रस्ता. मी खुशीत शीळ घालत होतो.

तेवढ्यात बझर कोकलला. हवेचा काटा एरवी सातवर असतो, तो चारकडे घसरत होता. या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. हवा गेली की चाकं आपोआप जखडतात आणि गाडी जागची हलत नाही. कशीबशी कडेला घेतली, तोवर चाकं धरलीच.

मुलीने फोन स्पीकरवर धरला आणि मी मिस्त्रीला गाऱ्हाणं घातलं.

"इंजिन रेस कर. काटा चढतो?"

"चारपर्यंत चढतो. पुढे ढिम्म."

"म्हणजे कम्प्रेसर हवा भरतोय, कुठून तरी गळतेय. आता बंद कर, ब्रेक दाबून धर. जास्त जोरात उतरतो का?"

"नाही, तेवढाच."

"मग चाकांकडे जाऊच नकोस. हवेच्या टाकीच्या आसपास बघ." आणि मग त्याने तो प्रश्न विचारला.

उगाच नव्हता विचारला. माझ्या प्रेशर हॉर्नचं आणि मिस्त्रीचं जुनं वैर. ब्रेकच्या टाकीतली हवा चोरून भोंगा वाजवायचा, हे त्याला अजिबात खपत नाही. गेल्या महिन्यात त्याने स्वतःच्या हाताने तो काढला आणि बजावलं, "पुन्हा लावलास तर ही गाडी माझ्या दारात आणू नकोस." आणि एवढ्या जुन्या गाडीला हात लावणारा तो एकटाच उरलाय. काल दुपारी मी भोंगा गुपचूप परत बसवला होता. जोड मीच आवळला होता, दातओठ खाऊन. तो कशाला गळेल? मनात पाल चुकचुकली, पण मी तिला हाकलून दिलं.

"मग गव्हर्नर गेला असेल," मिस्त्री म्हणाला. हवा किती भरायची ते हा मुठीएवढा तुकडा ठरवतो. "खोल तो."

मी गाडीखाली शिरलो. शेजारून ट्रक धडधडत जात होते, कानाला नीट काही लागेना. प्रवाशांतल्या एका बाईंनी पिशवीतून शांपूची पुडी काढून दिली. मुलीने ती तिच्या बाटलीतल्या पाण्यात कालवली. गळतीवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. मी एकेक जोड भिजवत गेलो. गव्हर्नर खोलला, पुसला, परत बसवला. पाना दोनदा तोंडावर पडला. बुडबुडा कुठे दिसेना. सगळे जोड तपासले, एक सोडून.

आठ वीसला एक टेम्पो थांबला. "पुढे एकाची जागा आहे," टेम्पोवाला म्हणाला. मुलीने सॅक उचलली, पाय पायरीवर ठेवलासुद्धा.

"पाच मिनिटांत निघतो," मी खालून ओरडलो. "बापाची गाडी असताना दुसऱ्याच्या टेम्पोतून जाणार का?"

तिने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाय खाली घेतला. मला चपलेने मारायला हवं होतं.

बाकीचे प्रवासी हात दाखवून मिळेल त्या गाडीने गेले. आठ चाळीसला मिस्त्रीचा आवाज चढला. "हे शक्यच नाही! काय लपवतोयस तू माझ्यापासून?"

"बाबा," मुलगी वाकून म्हणाली, "सगळं बघितलंत ना?"

मी टाकीच्या मागच्या अंगाला सरकलो आणि उरलेलं पाणी त्या जोडावर ओतलं. लिंबाएवढा बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. मी भोंग्याची नळी दुमडली आणि तारेने करकचून बांधली. दोन मिनिटांचं काम. फुसफुस थांबली.

मुलगी गुडघ्यांवर बसून तो चकचकीत भोंगा बघत होती. "हा परत कधी बसवला?"

"काल."

फोन अजून चालूच होता. मिस्त्रीने सगळं ऐकलं आणि ठेवून दिला.

काटा सातवर यायला पाच मिनिटं गेली. मग मी गाडी अक्षरशः पिटाळली. पोचलो तेव्हा नऊ बारा झाले होते. गेटला कुलूप होतं. मी वॉचमनचे पाय धरले. तो बिचारा मागे सरकत म्हणाला, "काका, किल्ली माझ्याकडे नाही हो. आत नेतात ती." आतल्या खिडकीत खाली घातलेल्या माना दिसत होत्या. मुलीने मला दंडाला धरून उठवलं. "चला बाबा. लोक बघतायत."

परतताना बसमध्ये आम्ही दोघंच होतो. ती पुन्हा माझ्या मागच्याच सीटवर बसली. मला वाटत होतं, हिने शिव्या द्याव्यात, आदळआपट करावी. ती खिडकीबाहेर बघत होती. टेम्पो थांबला होता ती जागा मागे गेली, तेव्हा ती म्हणाली, "मिस्त्रीकाकांनी एवढं बजावलं होतं. मग कशाला बसवलात?"

खोटं बोलायला आता काही शिल्लक नव्हतं.

"तू गेटातून आत जाताना वाजवणार होतो," मी म्हणालो. "लहानपणी तो ऐकला की कोपऱ्यापर्यंत धावत यायचीस. वाटलं, आज सगळ्यांना कळू दे, ही माझी मुलगी चाललीय."

समोरच्या आरशात मला दिसलं, तिने हॉलतिकिटाची घडी केली, खिशात ठेवली, आणि मग सकाळपासून पहिल्यांदा तोंड झाकून रडायला लागली. मी गाडी चालवत राहिलो.