कोपऱ्यातलं गवत

तुम्ही मला फसवलंत. माझ्याच बापाच्या मशीनने, माझ्याच हाताने, आणि वर चहा पाजून. तुमच्या कार्यालयाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं की तुमचा वकील जागा होईल. न लिहिताही पनवेल तालुक्यातल्या अर्ध्या गावांना ते कळेल. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना तर पहिल्याच ओळीत कळलं असेल.

मशीन म्हणजे गवत कापायचं मशीन. पेट्रोलवरचं, विलायती. पुढे पात्यांचा गोल पिंजरा, मागे लोखंडी रूळ, दांडा धरून मागून चालत जायचं. तुमच्या विश्रामगृहाच्या हिरवळीवर ते माझा बाप काशिराम चालवायचा. विश्रामगृहाच्या आधी तिथे आमचं भाताचं खाचर होतं. तुम्ही खाचर घेतलंत, त्यावर हिरवळ लावलीत आणि ज्याचं खाचर त्यालाच माळी म्हणून ठेवलंत. प्रकल्पग्रस्ताला नोकरी दिली म्हणून पेपरात फोटो छापून आणलात. बाप म्हणायचा, “मी आजून माज्याच शेतावर जातो. फक्त पीक खाता येत नाय.” आणि हसायचा. मला त्या हसण्याचा राग यायचा.

तो निवृत्त झाला तेव्हा मशीनही बंद पडलं होतं. तुम्ही ते भंगारात काढलंत, बापाने ते भंगारवाल्याकडून घरी आणलं. घरामागे पत्र्याखाली, गोणपाटात गुंडाळून ठेवलं. दर दसऱ्याला पुसून झेंडूची माळ घालायचा. चालू मात्र कधी केलं नाही. म्हणायचा, “हितं काय कापू? लादी?”

गेल्या दिवाळीनंतर बाप गेला. यंदा पावसाळ्यात त्या हिरवळीवर बोर्ड लागला. बोर्डावर काचेची इमारत आणि तिच्यासमोर सूटबूट घालून चालणारी माणसं. त्या चित्रात आमच्या गावातला एकही चेहरा नव्हता. तेव्हा मी ठरवलं. हिरवळ जायच्या आत एकदा, फक्त एकदा, बापाचं मशीन बापाच्या शेतावर चालवायचं. बाकी मला काही नको होतं. मोबदला नको, भूखंड नको. त्याचं भांडण वेगळं, ते चालूच आहे.

मशीन टेम्पोत घालून पनवेलला इस्माईलभाईंकडे नेलं. ते जुन्या स्कूटरी दुरुस्त करतात. गोणपाट काढून बघितलं आणि म्हणाले, “हरेशभाई, ही मय्यत आहे. तू माझ्याकडे गुसल द्यायला, शेवटची आंघोळ घालायला आणलंयस.”

“उठेल का?”

“मय्यत उठली तर पहिला मी पळेन.”

पण ठेवून घेतलं. टाकीतलं जुनं पेट्रोल आटून त्याचा डिंक झाला होता. कार्बोरेटरच्या भोकात गांधीलमाशीने मातीचं घर केलं होतं. कॉइल जळालेली. इस्माईलभाईंनी एका मेलेल्या स्कूटरची कॉइल काढून बसवली. मी रोज संध्याकाळी जाऊन पाती घासायचो. वाळूची पेस्ट लावायची आणि पिंजरा हाताने उलटा फिरवत राहायचा, खालच्या पट्टीवर सगळी पाती सारखी घासली जाईपर्यंत. धार आली की नाही हे बघायची बापाची रीत होती. वर्तमानपत्राची पट्टी मध्ये धरायची आणि पिंजरा हळूच सरकवायचा. पट्टी चुरगळली तर धार नाही. कात्रीने कापल्यासारखी पडली तर झालं. माझी पट्टी किती दिवस चुरगळत राहिली. इस्माईलभाई म्हणाले, “तुझ्यामुळे माझ्या दुकानात पेपर वाचायला उरत नाही.”

ज्या दिवशी पट्टी कापली गेली त्याच दिवशी इंजिनही उठलं. धूर असा निघाला की शेजारचा चहावाला भांडायला आला. इस्माईलभाई पळाले नाहीत. रिकामी बाटली डोक्यावर ठेवून नाचले.

घरी आणलं तर आई दारात उभी. तिचं नाव मालू. सगळं गाव तिच्या जिभेला घाबरतं. मशीनकडे बघून म्हणाली, “आली माजी सवत न्हाऊन. जित्ता होता तवा माज्या डोक्यापेक्षा हिच्या साकलीला जास्त तेल लावायचा.” मग पदराने दांडा पुसला. “कनाला जागवलीस हिला?”

मी सांगितलं, हिरवळीवर एकदा चालवणार.

आईचा चेहरा बदलला. मला आत नेलं, दार लोटलं. “आन राखणदार?”

हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे शेताला राखणदार असतो. बांधाच्या कोपऱ्यात एक दगड, दिसायला साधा. भात पोटरीला आलं, आत कणीस भरलं की त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा, त्याला राखण म्हणतात. बायका त्या जागी जात नाहीत. खाचराची हिरवळ झाली तरी बापाने राखण बंद केली नाही. भात नव्हतं, गवत होतं. गार्ड जेवायला बसला की बाप कोपऱ्यात जाऊन राखण देऊन यायचा. साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून त्याने दगड हळूहळू मातीत उतरवला, पार जमिनीच्या बरोबरीत, वर गवत. खांद्याला अडकवायचं, दोरी फिरवून गवत उडवणारं मशीन घेऊन तुमच्या कंत्राटदाराची माणसं त्यावरून कितीदा गेली, त्यांना कधी कळलं नाही. बांध मोडल्यावर जुना कोपरा नेमका कुठला हे कुणाला कळण्यासारखं नव्हतं; जागा बापाने मला तोंडी सांगून ठेवली होती. दुसऱ्या कुणाला नाही.

बोर्ड लागल्यावर गावकीची बैठक झाली होती. बुधाजी पाटील तुमच्या माणसांना म्हणाले, “तितं आमचा राखणदार हाय. तितं खांब उभा करता येनार नाय.” तुमचा माणूस म्हणाला, “दाखवा. असेल तर रीतसर बघू.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. आईने सांगितलं होतं, दाखवला की नेतील. मी म्हटलं, “आहे. पण दाखवणार नाही. आधी काम थांबवा, लिहून द्या, मग दाखवतो.” तुमचा माणूस माझ्याकडे बघून नुसता हसला. ते हसू मी तेव्हाच लक्षात ठेवायला हवं होतं.

“त्या जाग्यावरनं नेऊ नको हिला,” लोटलेल्या दाराआड आई म्हणाली.

“नेईन कसा?”

“आन कोनाला कलू देऊ नको.”

आता तुमच्याकडे येतो. माझा चुलतभाऊ जगन पूर्वी जासईला कंटेनर यार्डात होता, आता जमिनींची दलाली करतो. तो स्वतःहून घरी आला. “हरेश, मशीन चालू केलंस म्हणे! अरे, काकाची आठवण आहे. मी साहेबांशी बोलतो.”

“तुला कोणी सांगितलं?”

“अख्ख्या पनवेलला धूर दिसला, मला कोणी सांगायला पाहिजे?”

जगन फुकट शिंकतसुद्धा नाही. पण मला मशीन चालवायचं होतं, म्हणून गेलो. ज्या कार्यालयात आमच्या माणसांना बसायला बाकडं मिळत नाही तिथे साहेबांनी मला खुर्ची दिली. चहा आणला, बिस्किटंही आणली. साहेब म्हणाले, “व्हेरी टचिंग! वडिलांची आठवण आहे. अडवायचं कशाला? आम्ही पेट्रोल देऊ. भूमिपूजनाआधी लॉनही नीट होईल.”

मी विचारलं, “परवानगी लेखी द्याल?”

“अहो हरेशराव, घरचंच काम आहे. लेखी कशाला?”

ज्या कार्यालयात साधं शौचालयाला जायचं तरी अर्ज लागतो, तिथे माझं काम घरचं झालं. मी बिस्कीट खाल्लं नाही. पण होकार दिला.

गणपती गेले, उघडीप पडली, त्या सकाळी मशीन घेऊन गेलो. विश्रामगृहाच्या वरच्या गॅलरीत साहेब, जगन आणि एक तरुण इंजिनिअर. त्याचं नाव राजस, बोलायला गोड. त्याच्या हातात ड्रोन.

“हे कशाला?” मी विचारलं.

“मेमरीसाठी, काका. वरून शॉट भारी येतो.”

“गवताचा?”

“तुमचा, काका.”

मी दोरी ओढली. इंजिन पहिल्याच झटक्यात उठलं. पुढचं मला नीट लिहिता येणार नाही आणि तुमच्यासाठी मी ते लिहिणारही नाही. एवढंच सांगतो की दांड्यावर बापाच्या मुठीने झिजलेल्या जागा होत्या आणि माझ्या मुठी त्याच जागी बसल्या. पट्ट्या पडत गेल्या, एक फिकी, एक गडद. भातरोपांच्या ओळींसारखं दिसत होतं. ड्रोन डोक्यावर घोंगावत होता. काही वेळाने मला तो ऐकूही येईना.

मग कोपरा आला.

खरं सांगतो, मशीन तिथून गेलं असतं. दगड मातीच्या बरोबरीत आहे. पातं लागलं नसतं, रूळ त्यावरून सरकला असता, कुणाला काही कळलं नसतं. डोक्याने विचार केला असता तर मी सरळ गेलो असतो. पण राखणदारावरून लोखंड न्यायचं? माझे हात आपोआप वळले. बाप वळायचा आणि मागून तेवढं गवत हाताने खुडायचा; मी नुसता वळलो, कोपऱ्याला वळसा घालून दुसऱ्या पट्टीला लागलो.

वरून राजस ओरडला, “काका, कोपऱ्यातलं राहिलं!”

“राहू दे!”

“पूर्ण करा ना, शॉटमध्ये पॅच दिसतोय!”

“म्हटलं ना, राहू दे!”

 साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, हे मी खालून बघितलं. बघितलं आणि तरी मशीन चालवत राहिलो, कारण दोन पट्ट्या उरल्या होत्या. घरी आल्यावर आईने पहिलं विचारलं, “त्याच्यावरनं नेलास नाय ना?” मी म्हटलं, “नाय.” ती खूश झाली. त्या दिवशी तिने मशीनला स्वतःच्या हाताने हळद-कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी जगनने गावच्या ग्रुपवर फोटो टाकला. वर लिहिलं, ‘काशिरामकाकांच्या आठवणीत’. वरून काढलेला फोटो. सगळी हिरवळ पट्ट्यापट्ट्यांची, इस्त्री केल्यासारखी. आणि एका कोपऱ्यात उभ्या गवताचा गोल झुबका. गालावरच्या तिळासारखा. आंधळ्यालाही बोट ठेवता येईल असा.

मी फोटो बघितला आणि गाडीला किक मारली.

उशीर झाला होता. कोपऱ्यात झुबका नव्हता. तिथे लाल मुरूम होता, ताजा, रूळ फिरवून दाबलेला. बाजूला जेसीबीच्या चाकांचे ठसे. गार्ड म्हणाला, “खड्डा होता म्हणून भरला.” कोणी भरला, ते त्याला माहीत नाही. आत काय निघालं, ते त्याला माहीत नाही. गार्डच्या नोकरीत माहीत नसणं हेच काम असतं, त्याच्याशी मी भांडलो नाही.

तिथून कार्यालयात गेलो. साहेब, जगन, राजस तिघेही तिथे होते. या वेळी खुर्ची नव्हती. मी विचारलं, “दगड कुठे नेला?”

साहेब म्हणाले, “कुठला दगड?”

“कोपऱ्यातला. आमचा राखणदार.”

“बैठकीत तुम्ही दाखवला नाहीत. आमच्या रेकॉर्डला तिथे काही नाही.”

“मग तिथेच का खणलंत? एवढी हिरवळ सोडून तेवढाच कोपरा का?”

साहेबांनी राजसकडे बघितलं. राजस खिडकीबाहेर बघायला लागला. साहेब म्हणाले, “लेव्हलिंग होतं. आणि हरेशराव, राग मानू नका, तिथलं गवत राहिलं होतं ते तुमच्या मशीनमुळे. जुनं मशीन आहे, मध्येच कापत नसेल. भावना मी समजू शकतो.”

यावर जगन हसला. माझा चुलतभाऊ, ज्याच्या आज्याने त्याच कोपऱ्यात कोंबडे दिले, तो हसला.

साहेब, ऐका. माझ्या बापाचं मशीन कागदाची पट्टी कापतं. ते एक काडी सोडत नाही. ते गवत मशीनने सोडलं नाही. मी सोडलं, आणि का सोडलं हे तुम्हाला गॅलरीतून कळलं. गावकीने सांगून सापडत नव्हतं ते तुम्हाला माझ्याकडून काढून घ्यायचं होतं. म्हणून खुर्ची, म्हणून बिस्किटं, म्हणून ड्रोन. जगनला कितीला विकत घेतलंत ते मला विचारायचं नाही, तो पहिल्यापासून स्वस्त आहे. हा सगळा माझा संशय आहे, असं तुम्ही म्हणाल. आहेच. तुमच्या कार्यालयाच्या हद्दीत राहणाऱ्या माणसाने संशय न घेणं म्हणजे दार उघडं टाकून झोपणं. मी एक दिवस तसा झोपलो.

परवा इस्माईलभाई घरी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मशीनची टाकी रिकामी केली. “पेट्रोल आत ठेवू नकोस, पुन्हा डिंक होईल,” एवढंच म्हणाले. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिने राखणेचा कोंबडा बांधून ठेवलाय. रोज विचारते, “कधी जातोस?” मी म्हणतो, “जाईन.” राखणेचा कोंबडा असा घरात बांधून ठेवायचा नसतो, हे ती मला रोज ऐकवते.

आता तुम्ही मला सांगा. मुरमात गाडलात, डंपरमध्ये टाकलात, भिंतीच्या पायात घातलात, जे केलं असेल ते सांगा. जिथे असेल तिथे मी जाईन, कोंबडा घेऊन, तुमच्या गेटसमोर असेल तर तुमच्या गेटसमोर. लेखी नको, तुमच्या लेखीवर माझा विश्वास नाही. समोर या, गावकीसमोर उभे राहा आणि तोंडाने उत्तर द्या.

आमचा दगड कुठे आहे?