सोडलेलं आणि सोडवलेलं

मुलाचं नाव शमुवेल ठेवायला सुनीतीनं साफ नकार दिला होता. नाव सगळ्यांना आवडलं होतं, तिलाही. पण शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, त्या शमुवेलाला त्याच्या आईनं नवसाप्रमाणे दूध तुटल्याबरोबर मंदिरात नेऊन ठेवलं, आणि पुढं वर्षातून एकदा नवा झगा शिवून त्याला भेटायला जायची ती. एवढं आठवलं तरी सुनीती बाळाला जवळ ओढून घ्यायची. म्हणून मग अनुग्रह.

भीतीला कारण होतं. बाळ दिवस भरायच्या आत झालं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. तेव्हा बी.एस्सी. झालेली, प्रत्येक बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय औषध न घेणारी सुनीती दवाखान्याच्या कॉटवर मोठ्यानं बोलून गेली होती, "प्रभू, हा वाचला तर तुझाच." बाळ वाचलं. उचगावातल्या दोन खोल्यांत आता ते चांगलं बाळसं धरून लोळत होतं. तरी ती उठताबसता त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. आपण दिलेला शब्द देव विसरत नाही, असं तिला संडेस्कूलमध्ये शिकवलं होतं. तेच आता नडत होतं.

त्यात त्यांच्या चर्चच्या मंडळीची रीत आडवी आली. घरातलं पहिलं मूल उपासनेत पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, हाती द्यायचं, आणि प्रथम जन्मलेल्यांविषयीचा शास्त्रभाग आईनंच वाचायचा. येत्या रविवारी अनुग्रहचं समर्पण, असं पाळकसाहेबांनी जाहीर केलं. तिच्या नवऱ्यानं, शांतवननं, घरी आल्याआल्या हौसेनं आपल्या आजीला सांगितलं.

आजी, म्हणजे अंबूबाई, बाळाच्या डोक्याला तेल लावत होती. तिचा हात थांबला.

"व्हय रं, पोराला देवाला सोडणार?"

"सोडणार न्हाय गं, समर्पण हाय ते. चर्चात असतंय."

"सोडण्याला पुस्तकी नाव ठिवलं म्हणून काय झालं? पोर देवाचं झालं का न्हाय?"

"झालं की."

"मंग सोडलंच की! मी न्हाय येणार. तुमी जावा, रस्सा-बिस्सा खावा."

शांतवन हसला आणि एम-एटीला किक मारून फौंड्रीवर गेला. सुनीतीला मात्र हसू आलं नाही. तिनं आजीच्या पुढ्यात बसून विचारलं, "आजी, सोडलं म्हणजे काय होतं?"

अंबूबाईचं माहेर कर्नाटकच्या सीमेकडचं. ख्रिस्ती घरात ती लग्नानंतर आली. माहेरचं ती कधी बोलायची नाही. त्या दुपारी बोलली.

"आमची थोरली अक्काताई. पहिली पोर. तापानं फणफणलती. अव्वा, म्हंजी आमची आई, बोलून बसली, ही जगली तर देवीला सोडीन. जगली की. मंग गळ्यात दर्शन, म्हंजी देवीची माळ, घातली, हातात परडी दिली. जोगतीण झाली."

"परत घरी आली नाही?"

"आली की. मंगळवारी. जोगवा मागाय, दारात. अव्वानं सुपातनं पीठ घातलं आन् पोटची पोर फुडल्या दारी गेली. अव्वानं 'आत ये' म्हणावं का न्हाय? म्हणालीच न्हाय. सोडलेलीला आत कसं घ्यायचं?" अंबूबाईनं बाळाच्या केसांतली गाठ बोटानं हलकेच सोडवली. "तू दवाखान्यात बोललीस ते मी ऐकलंय, पोरी. माझी अव्वाबी असंच बोललीती."

सुनीतीनं बाळाला उचलून छातीशी धरलं. जी भीती ती स्वतःच्या मनातही नीट बोलत नव्हती, ती आजीनं दोन वाक्यांत समोर मांडली होती. पाळकसाहेबांना काय सांगायचं? बाळाला सर्दी झालीय? आणि त्यानंतरच्या रविवारी? दिलेला शब्द सर्दीनं किती दिवस लांबवता येतो?

शनिवारी ती शास्त्रभाग वाचायला बसली. नाही म्हणायचं तरी निदान काय आहे ते बघून म्हणावं, असा तिचा स्वभाव. अंबूबाई तांदूळ निवडत होती, मुद्दाम पाठ करून. सुनीती मोठ्यानं वाचत गेली. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, घरोघरची पहिली मुलं मेली ती रात्र, दाराच्या चौकटीला लावलेलं कोकराचं रक्त, वाचलेली मुलं. म्हणून पहिला मुलगा परमेश्वराचा. पुढं होतं, की त्याला सोडवून घ्यावं.

"काय? सोडून द्यावं?" अंबूबाई वळली.

"नाही..." सुनीतीनं ओळीवर बोट ठेवलं. शेकडो वेळा ऐकलेला हा भाग. पण 'घ्यावं' या शब्दावर ती आजवर कधी थांबलीच नव्हती. "सोडवून. सोडवून घ्यावं."

"सोडून आन् सोडवून, फरक काय?"

"आजी, तुम्ही त्या दिवशी त्याच्या केसांतली गाठ काय केलीत?"

"सोडिवली."

"तेच! अहो, देव पोर मागून ठेवून घेत नाही. त्याच्या जागी कोकरू द्यायचं, आणि पोर कडेवर घेऊन घरी यायचं. हुकूमच आहे तसा. येशूलासुद्धा मरियेनं असंच मंदिरात नेलं. गरीब माणसं, पाखरांचा जोडा अर्पण केला आणि बाळाला घरी आणलं."

"मंग आता आपून कोकरू द्यायचं?"

"नाही. ते दिलं गेलंय."

"कुणी दिलं?"

"देवानं. तोच येशू मोठा झाला आणि वधस्तंभावर गेला, तेव्हा त्याच्या जागी कोणी कोकरू दिलं नाही. तोच सगळ्यांसाठी कोकरू झाला."

अंबूबाईनं सूप बाजूला सारलं. मग हळू म्हणाली, "म्हंजी देवानं आपलं पोर सोडलं, आन् आमचं सोडिवलं?"

सुनीतीला पुढं वाचता येईना. डोळे भरून अक्षरं पुसट झाली होती.

रविवारी रिक्षात सगळ्यात आधी अंबूबाई जाऊन बसली. "चला की! पोरगं म्हातारं झाल्यावर पोचणार काय?"

चर्चमध्ये सुनीतीचं वाचन संपलं. पाळकसाहेबांनी हात पुढं केले. सुनीतीनं बाळ दिलं, पण झबल्याची कड तिच्या मुठीतून सुटेना. सगळी मंडळी बघत होती.

"सोडा, सुनीतीबाई," पाळकसाहेब हलकेच म्हणाले.

तिनं मूठ उघडली.

पाळकसाहेबांनी बाळाला उंच धरलं. रीतीप्रमाणे विचारलं, "हे लेकरू कुणाचं?"

"प्रभूचं!" मंडळी गर्जली.

"मग याला घरी कोण नेणार?"

याचं उत्तर आईनं द्यायचं. सुनीतीनं तोंड उघडलं, पण त्याआधीच बायकांच्या बाजूनं कोल्हापुरी आवाज दणाणला.

"आमी नेणार! सोडिवलेलं हाय ते, सोडलेलं न्हाय!"

हशा पिकला. कुणीतरी "हालेलुया" म्हटलं, आणि टाळ्या सुरू झाल्या. अंबूबाई मात्र हसली नाही. ती उभीच होती, पदर मुठीत धरून.

"पाळकसायेब, आमची अक्काताई बी पहिलीच होती. तिला कुणी आत घेतलं न्हाय. तिच्यासाठीबी दिलंय का ते कोकरू?"

टाळ्या थांबल्या. पाळकसाहेब बाळाला तसंच खांद्याशी घेऊन पायऱ्या उतरले आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"तिच्यासाठी आधी दिलंय, आजी. दारात उभं केलेल्यांसाठीच तर दिलंय."

"मंग म्हना की मोठ्यानं. तिचं नाव घिऊन म्हना."

त्यांनी म्हटलं. मंडळीनंही म्हटलं, "अक्काताई, प्रभूची!" उघड्या खिडक्यांतून आवाज रस्त्यापर्यंत गेला, बाहेर एक सायकलवाला पाय टेकून आत बघायला लागला. पेटीवाल्यानं न सांगताच सूर धरला. पाळकसाहेबांनी बाळ अंबूबाईच्या हातात दिलं, आणि तिनं ते आणून सुनीतीच्या कडेवर ठेवलं.

"घे. वज्जं हाय लई. आता रोज नाकाखाली बोट घालून त्येची झोप मोडू नगंस."

सुनीती हसली. रिक्षात बाळ झोपलं तेव्हा तिचं बोट सवयीनं पुढं गेलंच. मग तिनं त्याच बोटानं त्याच्या केसांतली नवी गाठ सोडवली आणि बाहेर बघत बसली.