न दिसणारी टोळी

सान्ता लूसियात उतरल्यावर पहिल्या दिवशी टोळीतल्या सगळ्यांना वाटलं, गाव रागावलंय. रागावणारच. सरकारी हेलिकॉप्टरने कुरणात माणसं आणून ओतली होती, सोबत बंदुकवाले पोलीस, आणि काम काय, तर गावाच्या पोटापाण्याची, ज्यांच्या पाल्यातून कोकेन काढतात ती कोकाची झुडपं मुळासकट उपटायची. अशा पाहुण्यांना कोण पाट मांडून देतो?

एवेलिओ तापास्को अशा कामावर पूर्वीही गेलेला होता. मूळचा तो रिओसुसिओकडचा, कॉफी तोडणारा. दोन हंगामांच्या मध्ये हाताला काम नसलं की सरकारच्या या टोळीत नाव घालायचा. शिव्या, दगड, बायकांचे शिव्याशाप हे सगळं त्याला पाठ होतं. एका गावात तर एका म्हातारीने त्याच्या टोपीत शेण भरलं होतं.

इथे तसलं काहीच झालं नाही. इथे कोणी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

संध्याकाळी तो साबण आणायला दुकानात गेला. दुकानदार फळकूट पुसत होता. "साबण द्या हो एक," एवेलिओ म्हणाला. दुकानदाराचं फडकं पुसत पुसत त्याच्या हातापाशी आलं, हाताला वळसा घालून पुढे गेलं. एवेलिओने पुन्हा मागितलं, मोठ्याने. दुकानदाराने जांभई दिली, फडकं पिळलं आणि तो आत निघून गेला.

टोळीतला रुबिएल मोठा टवाळ होता. त्याने दुसऱ्या दिवशी वाटेवर झाडांना टांगलेल्या झोळीत पडलेल्या एका म्हाताऱ्यासमोर जाऊन हात हलवला, तोंड वेंगाडलं, शेवटी नाकासमोर टाळी वाजवली. म्हाताऱ्याची पापणी लवली नाही. पलीकडे एक बाई अंगण झाडत होती. तिचा केरसुणीचा फटकारा रुबिएलच्या बुटांवरून गेला, जसा दगडावरून जावा.

"एवेलिओ, लेका," रुबिएल म्हणाला, "आपलं हेलिकॉप्टर पडलंय बघ. मेलोय आपण सगळे. मुकादमाने पगार बुडवायचा म्हणून सांगितलं नाही."

सगळे खो खो हसले. मग दुपारी पोरांचा चेंडू घरंगळत त्यांच्या ओळीत आला. एकाने तो उचलून परत फेकला. पोरं खेळायची थांबली. चेंडू त्यांच्या मध्ये पडून राहिला आणि एकेक पोर पाठ फिरवून घरी गेलं. तो चेंडू नंतर कोणी उचललाच नाही. त्यानंतर तो विनोद रुबिएलनेही पुन्हा केला नाही.

मुकादम ओस्पिनाने रात्रीच्या जेवणाला खुलासा केला. "डोंगरातल्या बंदुकवाल्यांचा हुकूम आहे. जो या टोळीशी बोलेल, पाणी देईल, नुसता बघेल, त्याचं गावात राहणं संपलं. तुम्ही कशाला जीवाला लावून घेता? मुकाट काम करा."

कारण कळलं, पण कारण कळून भागत नाही. दिवसभर माणसांत वावरायचं आणि एकाही डोळ्यात आपण नसायचं, याने माणूस आतून पोकळ होत जातो. पोलिसांना गावामागे प्लास्टिक टाकलेलं एक खोपट सापडलं. तिथे पाला तुडवून, सिमेंट आणि पेट्रोल घालून त्याचा लगदा काढत. पोलिसांनी ते पेटवून दिलं. खोपटाचा मालक हाकेच्या अंतरावर बसून कसाव्याचे कंद सोलत होता. काळा धूर त्याच्या अंगावरून गेला, त्याला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. ते त्याने मनगटाने पुसलं आणि पुढचा कंद घेतला. एवेलिओला त्या जाळापेक्षा त्या माणसाचीच भीती वाटली.

आणि मग त्याने नूबियाला पाहिलं.

गावाच्या टोकाला, कोकाच्या पट्ट्याला लागून पत्र्याचं घर होतं. पडवीत एक बाई तांदूळ निवडत होती. हनुवटीवर व्रण. लहानपणी कॉफीच्या चरकाचा दांडा लागून तो झाला होता आणि तो दांडा एवेलिओच्याच हातात होता. ती त्याची थोरली बहीण. कोका तोडायला दक्षिणेकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर ती घरातून गेली होती, नाताळला परत येते म्हणून. सुरुवातीला फोन आले. मग तेही थांबले. आई अजून नाताळला तिचं ताट वाढते.

"ताई," तो कुंपणापाशी येऊन म्हणाला.

तिने मान वर केली. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावर आली आणि आरपार मागच्या झाडांवर गेली. आभाळ भरून आलंय का बघावं तशी. मग तिने सुपातले खडे वेचून अंगणात टाकले. एक खडा त्याच्या बुटाला लागला.

"नूबिया! अगं, मी एवेलिओ."

ती उठून आत गेली. गडबडीने नाही. चुलीवर काहीतरी उतू जात असेल तशी.

त्या दिवशी त्याच्या हातून झुडपं उपटली गेली नाहीत. फावडं मुळाशी घालायचा आणि तसाच उभा राहायचा. संध्याकाळी तो रुबिएलला म्हणाला, "माझ्या एक थोबाडीत मार."

"फुकट?"

"मार म्हणतो ना."

रुबिएलने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मारली नाही. नुसता खांद्यावर हात ठेवला. एवेलिओला तो हात जड वाटला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी पाणी आणायची पाळी त्याने मागून घेतली. ओढा नूबियाच्या घराखालून वाहायचा. ती काठावर कपडे आपटत होती. शेजारी एक पिवळट कुत्रा बसला होता. वर वाटेवर झोळीतला म्हातारा तसाच पडून होता, उघड्या डोळ्यांनी. एवेलिओने खाली वाकून डबा पाण्यात बुडवला.

"कापितान," नूबिया म्हणाली.

एवेलिओ दचकला. पण ती कुत्र्याशी बोलत होती.

"तुला किती वेळा सांगितलं, उन्हात भटकू नकोस? सावली दिसली की धावत सुटतोस मेल्या. त्या आंब्याखालच्या पट्ट्याकडे बिलकूल जायचं नाही. ऐकतोस का? रविवारी वरची माणसं येऊन तिथे पुरून गेलीत. पाय ठेवलास तर शेपटीसुद्धा सापडायची नाही."

कपड्याचा धपाटा दगडावर पडला. डबा भरून वाहत होता, पण एवेलिओला तो उचलायचं भान नव्हतं.

"आणि काय रे," तिचा आवाज जरा खाली आला, "म्हातारीचा गुडघा अजून धरतो का?"

वरून म्हातारा पाहत होता, किंवा पाहत नव्हता. एवेलिओने कुत्र्याच्या कानामागे खाजवलं आणि त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली. कुत्र्याने हात चाटला. नूबियाने पिळे बादलीत टाकले आणि ती चढण चढून निघून गेली.

आंब्याखालचा पट्टा दुसऱ्याच दिवशी उपटायचा होता. एवेलिओ रात्रभर तळमळत राहिला. सांगावं, तर पोलीस विचारणार, तुला कोणी सांगितलं. आणि पोलिसांना कळलेलं गावाला कळायला वेळ लागत नाही. न सांगावं, तर सगळ्यांत पुढे रुबिएलच धावणार, सावलीत बसून डबा खायला.

सकाळी ओळ निघाली तशी त्याने फावडं जमिनीत रोवलं. "मी नाही जात तिकडे. बाप स्वप्नात आला होता. त्या झाडाखाली उभा होता, पाय नव्हते त्याला."

"अरे, तुझ्या बापाला दारू कमी पाजायची होती!" ओस्पिना खवळला. "स्वप्नं बघायला पगार देतं का सरकार तुला?"

पण टोळीतली माणसं जागची हलेनात. या कामात ज्यांनी पाय गमावले, त्यांच्या घरच्यांनाही आधी स्वप्नं पडली होती, असं प्रत्येकाने ऐकलेलं होतं. ओस्पिना स्वतःही गळ्यातला ताईत चाचपत राहिला. शेवटी शिव्या देत त्याने पोलिसांना सुरुंगाचा वास घेणारा कुत्रा आणायला सांगितलं. कुत्रा आंब्यापर्यंत गेला आणि खाली बसला. थोडं सरकून पुन्हा बसला.

पोलिसांनी सुरुंग जागच्या जागी उडवले. आंब्याचं झाड मुळातून हललं. माती, पानं आणि कच्च्या कैऱ्या कितीतरी वेळ खाली पडत होत्या. रुबिएलने एवेलिओचा हात घट्ट धरला, पण त्याच्या डोळ्याला डोळा देईना.

परतताना ते झोळीजवळून गेले. म्हातारा उठून बसला होता. त्याने मान वळवली आणि एवेलिओकडे सरळ, सावकाश, डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

इतके दिवस एवेलिओ तडफडत होता की या गावात कोणीतरी आपल्याकडे बघावं. आता ती नजर पडताच तो रुबिएलच्या आड सरकला. म्हाताऱ्याने त्याला पाहून घेतलं, मग मान तशीच पुढे वळवली आणि ओढ्याच्या वरच्या पत्र्याच्या घराकडे नजर लावली.

सकाळी घराचं दार उघडं होतं. चुलीत राख ओली होती, पाणी ओतून विझवलेली. दोरीवर कपडे नव्हते. कुत्राही नव्हता. दुपारपर्यंत शेजाऱ्यांनी छपराचे पत्रे काढायला घेतले. कोणी परसातल्या केळीचा घड कापून नेला, कोणी जातं उचललं. कोणाच्याही तोंडावर ना घाई, ना लाज. एवेलिओ दुकानात धावला.

"त्या घरातली बाई कुठे गेली?"

दुकानदाराने वर पाहिलं. आता तोही बोलला, अगदी सौजन्याने. "ते घर का? ते रिकामंच आहे. गेल्या पावसाळ्यापासून. साबण हवा होता ना तुम्हाला?"

काम उरकलं आणि हेलिकॉप्टर आलं. वर चढताना ओस्पिनाने खूश होऊन सगळ्यांना गूळपाणी वाटलं. खाली उपटलेला पट्टा लाल, उघडा दिसत होता. त्याच्या कडेने माणसं वाकून चालली होती. खांद्यावर झोळ्या, झोळ्यांत हिरवी रोपं. हेलिकॉप्टरचा वारा त्यांच्या अंगावर आला तरी एकानेही वर पाहिलं नाही.

पुएर्तो आसीसच्या बसस्थानकात टोळी पांगली. रुबिएलने मिठी मारली आणि कानात म्हणाला, "ते स्वप्न नव्हतं ना रे?" उत्तराची वाट न बघता तो निघून गेला.

एवेलिओ गाडीची वाट बघत फिरत होता आणि त्याला बाकावर नूबिया दिसली. मांडीवर गाठोडं, डोक्याला फडकं. ती कोणत्या वाटेने, कोणाच्या होडीतून इथवर आली, ते त्याला पुढेही कधी कळलं नाही. त्याचे पाय धावले आणि वाटेतच थबकले. समोरच्या बाकावर टोपीवाला एक माणूस एम्पानादाची तिखट करंजी खात बसला होता, आणि त्याचे डोळे खाण्याकडे नव्हते.

एवेलिओ बहिणीच्या बाकावर येऊन बसला. मध्ये एक जागा सोडून. तिने पाहिलं नाही. त्यानेही नाही. तो समोरच्या भिंतीवरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला, घरी लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्या मधल्या जागेवर ठेवला. आई बहिरटली होती. फोनवर ती ओरडूनच बोलायची.

"पोरा! आहेस ना जिवंत?"

"आहे गं. तू सांग."

"काय सांगू? डुकरीण व्यायली. तुझ्या चुलत्याने पुन्हा बांध कोरला, मेल्याचे हात झडोत. गुडघा काय, असाच. खायला मिळतं का तुला नीट?"

आई बोलत राहिली. पावसाबद्दल, कॉफीला लागलेल्या किडीबद्दल, शेजारणीच्या लग्न मोडलेल्या मुलीबद्दल. एवेलिओ मध्ये मध्ये हं म्हणत होता. शेजारी गाठोड्यावरची बोटं कापडात रुतली होती. चेहरा समोरच होता. गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण पुसलं असतं तर कोणाला तरी दिसलं असतं.

सीमेकडच्या गाडीची हाक आली. नूबिया उठली, गाठोडं उचललं, आणि चालती झाली. फोनमधून आई अजून बोलतच होती. गाडी धूर सोडत फाटकाबाहेर वळली.

टोपीवाल्याने बोटं पुसली. "मित्रा, ती बाई तुमच्या ओळखीची का?"

"कोणती बाई?" एवेलिओ म्हणाला.

माणसाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. एवेलिओने आपली नजर त्याच्यातून आरपार, मागच्या भिंतीवर नेऊन ठेवली आणि तिथेच धरली. शेवटी तो माणूस उठून कॉफीच्या टपरीकडे गेला.

घरी पोचल्यावर एवेलिओने दार लावलं, आईला चुलीपाशी बसवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. म्हातारी रडली नाही. लाकूड आत सारत बसली. एवेलिओला वाटलं, तिला ऐकूच गेलं नाही.

मग तिने विचारलं, "रोडावलीय का रे?"

"नाही," तो म्हणाला. "चांगली आहे अंगाने."