लाल दोऱ्याची चादर

ते २०१८ साल. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते आणि पडघ्याकडे सकाळची थंडी बोचायला लागली होती. मी शाळेतून निवृत्त झाले होते. बालगृहांची तपासणी करणाऱ्या समितीत मला घेतलं होतं, का, तर मी कुठल्याच संस्थेची नव्हते. बरोबर डॉक्टर जोहराआपा. दोघींचे मिळून गुडघे चार, त्यातला एकच धड.

जायच्या आधी आठ दिवस संस्थेला पत्र जायचं. पद्धतच होती तशी. त्यामुळे आम्ही पोचेपर्यंत फरशी चकचकीत, पोहे गरम आणि मुली स्वागतगीताला तयार.

पडघ्याच्या मुलींच्या बालगृहातल्या तक्रारपेटीत तेव्हा एक चिठ्ठी सापडली होती. ‘चादरी तुम्ही आलात की येतात. तुम्ही गेलात की जातात.’ खाली नाव, रुचिका. तेरा वर्षांची. भोळी पोर, नाव लिहून मोकळी झाली होती. अधीक्षक केसरीनाथ यांनी लगेच वर कळवलं की मुलगी खोटारडी आहे, बाकीच्यांना बिघडवते, तिला नाशिकच्या संस्थेत पाठवा. तिची आठ वर्षांची बहीण मृणाली मात्र इथेच राहणार होती. आमचा अहवाल बघून निर्णय व्हायचा होता. गादीवर चादरी दिसल्या की रुचिका खोटी, आणि बहिणींची ताटातूट पक्की.

पडघ्याला जायच्या आदल्या आठवड्यात आम्ही भिवंडीजवळच्या पूर्ण्याला त्याच संस्थेचं मुलांचं बालगृह पाहिलं होतं. तिथे पलंगांवर हिरव्या चौकड्यांच्या चादरी होत्या. आता माझी एक खोड सांगते. माझ्या वडिलांचे भिवंडीत आठ लूम होते. विणून आलेला तागा तपासायचं काम लहानपणी माझ्याकडे असे. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटून कापडात रेघ पडली असेल, तर तिथे काठाला लाल दोरा बांधायचा, म्हणजे रफू करणाऱ्याला शोधावं लागत नाही. लूम कधीच भंगारात गेले, पण हाताला ते कळलेलं नाही. लाल दोऱ्याचं रीळ अजून माझ्या पिशवीत असतं. सुनेच्या माहेरच्या साडीला एकदा दोरा बांधला, तर महिनाभर अबोला होता.

पूर्ण्यालाही तेच झालं. तिथल्या अधीक्षकांचं भाषण लांबलं, हाताला एका चादरीतली रेघ लागली आणि मी दोरा बांधून टाकला.

“तपासणीला आलोय, बाई,” जोहराआपा कानात म्हणाली, “माल उचलायला नाही.”

तर पडघा. स्वागतगीत झालं. मोठ्या खोलीत चोवीस पलंग, चोवीस चादरी, हिरव्या चौकड्यांच्या. रुचिका भिंतीला टेकून उभी होती. मृणालीचा हात तिने इतका घट्ट धरला होता की धाकटी हात बदलून देत होती.

“बघा बाई,” केसरीनाथ म्हणाले, “तीन वर्षं झाली या चादरींना. मुली जपून वापरतात. आणि पेटीत काय लिहितात!”

“हीच का ती?” मी विचारलं.

“हीच. खोटं बोलते.”

रुचिकाने मान वर केली. “मी खोटं बोलत नाय.”

“बघितलंत? तोंड कसं चालतं!”

माझा गुडघा बोलायला लागला म्हणून मी जवळच्या पलंगावर बसले. बोटं आपोआप काठावरून फिरली आणि थांबली. लाल दोरा. दोन वेढे, आखूड शेपूट. माझ्या वडिलांनी शिकवलेली गाठ.

“केसरीनाथ, ही चादर इथलीच?”

“इथलीच! बाहेर कुठे जाणार?”

“मग हा दोरा?”

“लूमवरच लागला असेल, बाई. भिवंडीचं कापड.”

“लूमवर काठाला अशी गाठ बसत नाही. ही मी मारलेली आहे. गेल्या मंगळवारी, पूर्ण्याला.” मी पिशवीतून रीळ काढून चादरीवर ठेवलं.

केसरीनाथांनी रिळाकडे पाहिलं, दोऱ्याकडे पाहिलं. “योगायोग असतात...”

“हां,” जोहराआपा म्हणाली, “चादर चालत आली असेल. आमच्यापेक्षा तिचे गुडघे बरे.”

तेवढ्यात स्वयंपाकीण तुळजा दारात आली. “सायब, मागं टेम्पोवाला इचारतोय. चादरी कवा भरायच्या? त्याला दुसरं भाडं हाय.”

खोलीत चोवीस मुली होत्या. आधी मृणाली हसली, मग सगळ्या. केसरीनाथ पोह्यांचं काय झालं ते बघायला गेले, ते बराच वेळ आलेच नाहीत. टेम्पो रिकामा गेला. आम्ही अहवाल तिथेच, त्या पलंगावर बसून लिहिला.

रुचिका नाशिकला गेली नाही. पुढच्या महिन्यात पूर्ण्याच्या मुलांनाही त्यांच्या स्वतःच्या चादरी आल्या. आठ दिवस आधी पत्र पाठवणं बंद झालं. पहिल्यांदा न कळवता गेलो तेव्हा पोहे नव्हते, तुळजाने मुलींच्या पातेल्यातली डाळ वाढली. पाणीच होतं. तेही आम्ही लिहिलं. तुळजा रागावली नाही, “बरं झालं, आता तूर तरी येल,” म्हणाली. ती अजून तिथेच आहे आणि डाळ आता दाट असते.

केसरीनाथांना संस्थेने काढलं. पडघ्याला त्यांचं मंडपाचं दुकान आहे. खुर्च्या, गाद्या, चादरी भाड्याने मिळतात. अनुभव होताच. जोहराआपा करोनात गेली. तो धड गुडघा तिचा होता. मृणाली यंदा दहावीला आहे.

आणि रुचिका पूर्ण्याच्या एका गोदामात ऑनलाइन गिऱ्हाइकांकडून परत आलेले कपडे तपासते. गेल्या दिवाळीला आली, माझ्या पलंगावर बसली, बोलता बोलता चादरीच्या काठावरून बोटं फिरवली आणि मध्येच थांबली.

“बाई,” म्हणाली, “दोरा द्या.”