वाढ थांबली की बूट

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. दिपमालाचा मला हेवा वाटायचा. ती बारा वर्षांची, मी अडतीसची, आणि वर तिची शिक्षिका. पण हेव्याला वयाची लाज नसते, निदान माझ्या तरी नव्हती.

जळगावात बॅले शिकवते म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या कमरेकडे. सासऱ्यांच्या कापडदुकानावर एक हॉल आहे, तिथे भिंतीला लाकडी दांडा लावून मी वर्ग सुरू केला. लग्नातल्या संगीताचा नाच बसवून द्या म्हणणाऱ्यांचे फोन दिवसाला चार येतात. खऱ्या शिकणाऱ्या मुली अकरा. त्यात दिपमाला जवळच्या असोद्याची. तिचे वडील पंडितभाऊ केळीवाले शेतकरी. चार वर्षांपूर्वी शाळेच्या उन्हाळी शिबिरात ती माझ्यासमोर आली, आणि मी पहिल्यांदा तिचं पाऊल पाहिलं. ताणलं की घोट्यापासून बोटांपर्यंत सरळ रेघ. असं पाऊल शिकवून येत नाही. ते एक तर असतं किंवा नसतं, आणि असोद्याच्या मळ्यात कुणी त्याची वाट बघत बसलेलं नव्हतं.

बॅलेतल्या प्रत्येक मुलीचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो: टोकाचे बूट. साटीनचे, पुढे कडक डबीसारखं टोक असलेले. ते घालून पायाच्या बोटांच्या शेंड्यांवर उभं राहायचं. दिसायला सुंदर, आणि घाई केली तर पायाचं वाटोळं करणारे. हे मला वाचून कळलेलं नाही. माझे वडील सुरेशचंद, धुळ्यात त्यांचं कापडाचं दुकान. मी सुट्टीत पुण्याला मावशीकडे नाच शिकायचे. दहाव्या वर्षी पप्पांनी हौसेने मुंबईहून बूट आणले. कुणी माझा घोटा तपासला नाही, की हाडं किती कच्ची आहेत ते विचारलं नाही. एकोणिसाव्या वर्षी उजव्या अंगठ्याचा सांधा कायमचा धरला. आज मला चवड्यावर नीट उभं राहता येत नाही. पण दहा वर्षांची मी बोटांवर उभी असलेला फोटो पप्पांच्या गल्ल्यामागे अजून आहे, आणि ते तो प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवतात.

म्हणून माझ्या वर्गाचा नियम कडक. किमान तीन वर्षं शिक्षण. एका पायावर उभं राहून, गुडघा न वाकवता, टाच पंचवीस वेळा पूर्ण उचलायची, दोन्ही पायांवर. डोळे मिटून एका पायावर तीस सेकंद. पंचा जमिनीवर टाकून पायाच्या बोटांनी गोळा करायचा. आणि शेवटी डॉक्टर, म्हणजे आमचे फिजिओथेरपिस्ट, सांधे, पाठ, पोटाची ताकद तपासून कागदावर सही करणार. त्याआधी बूट नाही, बाप कितीही हौशी असो.

दिपमाला हे सगळं चार वर्षं देवपूजेसारखं करत होती. मी तिच्या घोट्याला रबरी पट्टा बांधायचे, तिची बोटं एकेक करून सरळ करायचे, आणि मनात जळफळायचे. तिला येतं म्हणून नव्हे. तिला कुणीतरी जपतंय म्हणून. जपणारी मीच होते, हा त्यातला विनोद.

ऑगस्टमध्ये दोघींची तपासणी झाली, दिपमाला आणि रूपल. रूपल आमच्याच जैन समाजातली, वर्षभराने मोठी, मेहनती, साधारण. दोघी पास. डॉक्टरांनी दोन्ही कागद माझ्या हातात दिले. म्हणाले, "दोघींची उंची वाढतेय. बूट द्यायला हरकत नाही, पण पहिले सहा महिने वेळ कमी ठेवा, आणि खाणंपिणं भरपूर." दिपमालाच्या कागदाखाली त्यांनी एक ओळ जास्त लिहिली होती: 'अतिशय सुरेख तयारी.'

ती ओळ मी तीनदा वाचली. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथे मीठ अगदी बरोबर पडलं होतं, हेच माझं दुखणं.

रूपलला त्याच आठवड्यात बूट दिले. रूपलचा मला हेवा वाटत नव्हता. दिपमालाचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तिच्या आईला, सुंदरबाईंना, बोलावून सांगितलं, "हिची उंची अजून वाढतेय. हाडं कच्ची असतात अशा वेळी. वाढ थांबली की बूट."

यातला एकही शब्द तसा खोटा नाही, कुठल्याही शिक्षिकेला विचारा. म्हणूनच मला तो इतक्या सहज बोलता आला.

सुंदरबाईंनी पदर सावरला. "आमाले काय कयते त्यातलं, मॅडम. तुम्ही म्हनसान ते."

दिपमाला दांड्यापाशी जाऊन टाचा उचलायला लागली.

गणपती गेले, दसरा गेला. रूपल बूट घालून दांड्याला धरून उभी राहायची, दिपमाला तिच्या फिती बांधून द्यायची. दर महिन्याला सुंदरबाईंचा फोन यायचा, "थांबली का हो?" मी म्हणायचे, अजून नाही. घाई नको.

दिवाळीनंतर दिपमालाचे पाय थरथरायला लागले. पंचविसाच्या जागी अठरा. मग चौदा. वर्ग सुटल्यावर ती जिन्यात बसून राहायची, वडिलांची मोटारसायकल येईपर्यंत. मी कारण विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही, कारण मला बरं वाटत होतं. मनात म्हणत होते, बघ रुची, तू थांबवलंस ते योग्यच होतं. चौदा मोजल्यावर त्या रात्री मला छान झोप लागली. हे लिहायला नको वाटतं, पण लागली.

डिसेंबरच्या शेवटी सुंदरबाईंनी मळ्यात भरीत ठेवलं आणि मला आग्रहाने बोलावलं. आमच्या घरी वांगं चालत नाही. पण जळगावात राहून असोद्याचं भरीत नाकारायचं तर सुना माहेरी पाठवाव्या लागतील, म्हणून सासूबाई अशा दिवशी मी कुठे चालले ते विचारत नाहीत. पंडितभाऊ कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत होते. केळीची पानं मांडलेली होती. सुंदरबाई मात्र मला हाताला धरून आधी घरात घेऊन गेल्या.

"आठी या. तुमाले दाखवते."

स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, शेजारी बारीक अक्षरात महिने. दिपमाला चौकटीला पाठ लावून उभी राहिली, सवयीने, टाचा जुळवून.

"ही गनपतीची. ही दसऱ्याची. आन् ह्या पाहा तीन, एकावर एक. केसाइतकी सरकली नही." त्यांचा चेहरा उजळला होता. "थांबली वाढ, मॅडम."

"अशी कशी थांबली?"

"म्या थांबवली. दसऱ्यापासून दूध बंद केलं, तूप बंद, शेंगदाणे बंद, भाकर अर्धीच देते. म्हटलं खाणंच नही तर वाढीन कशी? पोरगी एक दिवस रडली नही. बुटासाठी सारं ऐकते."

मी दिपमालाकडे पाहिलं. तीन महिने आठवड्यातून चारदा बघत होते, आज पाहिलं. गळ्याची हाडं. मनगट. माझ्या दहाव्या वर्षी पप्पांनी नुसती घाई केली होती. हिच्या हाडांतलं दूध मी काढून घेतलं होतं, आणि तिच्या आईच्या हाताने.

दिपमालाने हळूच विचारलं, "मॅडम, रूपलने काय काय सोडलं होतं?"

खरंच माहिती हवी म्हणून विचारत होती. तिला वाटलं, अजून काही सोडायचं राहिलंय.

"रूपलने काही सोडलं नव्हतं," मी म्हटलं. "तिचीही उंची वाढतच होती. अजून वाढतेय."

सुंदरबाईंनी चौकटीवरच्या रेघांकडे पाहिलं.

"तू ऑगस्टमध्येच पास झालीस, दिपमाला. डॉक्टरांनी सही केली होती. तो कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवला."

"कायले?" सुंदरबाईंनी विचारलं.

खूप उत्तरं तयार होती, चांगली, शास्त्रशुद्ध. पण त्या मुलीचं मनगट समोर होतं.

"मला बघवत नव्हतं," मी म्हटलं. "आणि आता ती खरंच तयार नाही. आता बूट घातले तर पाय मोडेल. आजपासून पोटभर जेवू द्या. दूध द्या. सोमवारी मी स्वतः तिला डॉक्टरांकडे नेते."

"मी नेईन," सुंदरबाई म्हणाल्या.

बाहेर पंगत बसली. पंडितभाऊंना काही ठाऊक नव्हतं, ते माझ्या पानावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकून हसून गेले. भरिताला आग्रह करकरून वाढायची इथली रीत. सुंदरबाई पातेलं घेऊन निघाल्या. दिपमालाच्या पानावर दोनदा वाढलं, वर तेल ओतलं, एक वाटी दही ठेवलं. मग माझ्या पानाजवळून पुढच्या पानाकडे गेल्या. परतताना पुन्हा तशाच गेल्या. मी कोरडी भाकरी खाल्ली.

डॉक्टर म्हणाले की तीन महिने रेघ न सरकणं उपाशी ठेवल्याने असेल किंवा नुसतंच तसं असेल, या वयात वाढ धक्क्याधक्क्याने होते. पण ताकद गेली ती उपासानेच. खाणं सुरू करा, व्यायाम निम्म्यावर आणा. मला वाटलं होतं की मुलगी आता येणार नाही. ती आली. सुंदरबाईही आल्या, आणि तेव्हापासून प्रत्येक वर्गाला येतात. दाराशी सतरंजीवर बसून माझ्या हातांकडे बघतात. मी दिपमालाचा घोटा धरला की त्यांची मान पुढे येते.

फेब्रुवारीत अठरा. मार्चमध्ये बावीस. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, डॉक्टर समोर असताना, दोन्ही पायांवर पंचवीस, गुडघा सरळ, एकदाही न डगमगता. चौकटीवरची रेघ दोन बोटं वर गेली होती. मला पुन्हा हेवा वाटला. तो कुठे गेलेलाच नव्हता. पण यावेळी मी कागदाला हात लावायच्या आधीच बोलले.

"तयार आहे ती," मी म्हटलं. "आज बूट घालायला हरकत नाही."

दिपमालाने आईकडे पाहिलं. सुंदरबाई सतरंजीवरून उठल्या, मला ओलांडून पलीकडे गेल्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा."